तीस मिलिमीटर

।। श्री ।।

वर्तकनगर, ठाणे
६ ऑक्टोबर २०२५

चि. मधु यास,

आशीर्वाद रीतीप्रमाणे. जपून वापर, एवढ्यात आणखी मिळणार नाहीत.

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कोलशेतला आनंदा भोईरांच्या आवारात, त्यांची सारी भावकी, तुझी बायको भावना, तुझी मुलगी आणि मी अशा सगळ्यांच्या देखत तू माझ्या नवऱ्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतलीस आणि म्हणालास की भाऊजी, आता राहू द्या, हे तुमच्या हातांचं काम राहिलं नाही. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण मुहूर्त अकरा दहाचा होता आणि भावना सारखी घड्याळ दाखवत होती.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर तू हुं हुं करतोस. व्हॉट्सअॅपवर जोडलेले हात पाठवतोस. जोडलेल्या हातांची उलटतपासणी घेता येत नाही. आमच्या शाळेतल्या नन्स म्हणायच्या की तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि सही घालून करा, नाहीतर गप्प बसा. गप्प बसणं मला शाळेतही जमलं नव्हतं.

तू विसरला असशील तर आठवण देते. प्रफुल्लला कंपवात असल्याचं कळलं त्याच महिन्यात त्याने ही गाडी स्वतःच्या हातांनी जुळवायचा हट्ट धरला. सांगाडा आणि फायबरची बॉडी खोक्यांतून आनंदाच्या गोदामात आली. एंजिन, स्टिअरिंग, हब, चाकं सगळं आमच्या जुन्या गाडीचं. रस्त्यावर न्यायची नव्हतीच. आनंदाच्या आवारात गोल फेरी मारायची, एवढीच हौस. त्याने एकेक गोष्ट आपल्या हातांना झेपेल अशी निवडली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे की हाताला काम देत राहा, जे सोडाल ते हात विसरेल. गाडी हे त्याचं औषध होतं आणि ते कडू लागत नव्हतं.

श्रावणात, बॉडी चढायच्या आधी, नुसत्या सांगाड्यावर पाट बांधून त्याने हीच गाडी याच आवारात चालवली होती. आनंदाच्या शेळ्या कुंपण ओलांडून पळाल्या आणि आनंदा म्हणाला की साहेब, आता दूध तुम्हीच द्या. तेव्हा हे हात होते ना? दीड महिन्यात कुठे गेले?

दसऱ्याला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. लिंबं चिरडून गाडी पुढे निघाली, फाटकाच्या दगडी उंबऱ्यावर डावं चाक चढलं, आणि स्टिअरिंग त्याच्या हातातून हिसकल्यासारखं फिरलं. गाडी भावनाच्या रांगोळीवरून खांबाला जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही. पोपडा उडाला तोही खांबाचा. आणि तेवढ्यात तू तुझं ते वाक्य बोललास.

त्या दिवसापासून प्रफुल्ल चहा स्वतः ओतून घेत नाही. दाढीला न्हाव्याला घरी बोलावलं. काल सकाळी शर्ट घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, बटणं मी लावावीत म्हणून. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा झालं.

आता माझा प्रश्न. गाडीला त्या दिवशी जी चकचकीत चाकं होती ती कुठली? आमची काळी लोखंडी चाकं कुठे आहेत? कुणाला विचारून बदललीस? कागदावर लिहून कळव.

तुझी थोरली बहीण, सध्या नाइलाजाने,
सुहासिनी


।। श्री ।।

डोंबिवली पूर्व
१० ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,

मधुचा साष्टांग नमस्कार. हे जपून वापरायची अट नाही, हवे तितके घे.

तुझं पत्र आलं तेव्हा भावनाला वाटलं कोर्टाची नोटीस आली. तिने आधी देवापुढे ठेवलं आणि मग मला दिलं. आम्ही सगळे बरे आहोत. अंतराची परीक्षा दिवाळीनंतर आहे, ती आत्याला विचारते आहे की आत्या चिडली की अजून स्पेलिंगच्या चुका काढते का. मी म्हटलं, चुका काढायला तिला चिडावं लागत नाही.

ताई, चाकं मी बदलली आणि प्रेमापोटी बदलली. एवढी सुंदर लाल बॉडी आणि खाली रिक्षासारखी बारकी काळी चाकं, बघवत नव्हतं गं. कल्याणला एका ओळखीच्या दुकानात ही अलॉय मिळाली. रुंद, एकदम फॉरेनच्या गाडीसारखी. मी काही आंधळेपणाने आणली नाहीत. तेरा इंच म्हणजे तेरा इंच, चार बोल्ट म्हणजे चारच, भोकांमधलं अंतर पट्टी लावून मोजलं. नट हाताने फिरले. याहून चाक बसणं म्हणजे काय असतं? भाऊजींना दसऱ्याचं सरप्राइज द्यायचं होतं. जुनी चाकं आनंदाशेठच्या गोदामात ताडपत्रीखाली आहेत, विकली नाहीत, घाबरू नकोस.

वळवताना टायर मडगार्डच्या कडेला जरा घासत होता, ते मी नाकारत नाही. पण तोवर खंडेनवमीची पूजा मांडून झाली होती. पाने, जॅक, ग्राइंडर सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, टेंभी नाक्यावरून आणलेल्या झेंडूच्या माळा घातलेल्या. भावना म्हणाली की मांडलेली हत्यारं दसरा उतरेपर्यंत हलवायची नाहीत. मुहूर्त तर गाठायचा होता. म्हटलं, एक फेरी तर आहे, जाईल तशीच.

आणि राग मानू नकोस, पण भाऊजींचे हात थरथरतात हे आम्हा सगळ्यांना दिसतं. तुला बायको म्हणून दिसत नसेल. उद्या समोर एखादं पोर आलं असतं तर? कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी वाईटपणा घेतला. गाडीतलं तुला काय कळतं असं मी म्हणणार नाही, कारण पुढचं पत्र रजिस्टरने येईल.

भाऊबीजेला यंदा ठाण्याला येतोय. चिरोटे कर. ओवाळणी काय हवी ते आधीच सांग, आयत्या वेळी तोंड फुगवू नकोस.

भाऊजींना नमस्कार. तुझा राग उतरला की थोडी माया इकडेही पाठव.

तुझा धाकटा,
मधु


।। श्री ।।

वर्तकनगर, ठाणे
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मधु यास अनेक आशीर्वाद.

अक्षर बारीक येतं आहे, सांभाळून घे. लिहायला बसलो की ओळ शेवटाकडे मुंगीएवढी होते. हे या दुखण्याचं लक्षण आहे, असं डॉक्टर म्हणतात.

सुहासिनीने तुला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण तीन पानं लिहिली हे पाहिलं, तेव्हा अंदाज आला. तिचं मनावर घेऊ नकोस. तू जे बोललास ते योग्यच बोललास. मी स्वतः ते बरेच दिवस मनात घोळवत होतो, फक्त कबूल करवत नव्हतं. उंबऱ्यावर चाक चढलं आणि स्टिअरिंग माझ्या पकडीतून असं गेलं की जणू पकड नव्हतीच. मी ताकद लावली होती, मधु. पुरेपूर लावली होती. ती निघालीच नाही. एवढं एकदा कळलं की माणसाने बाजूला व्हावं.

गाडी मी अंतराला देतो आहे. तिला सांग की क्लच जरा वर पकडतो, आणि थंड एंजिनला घाई करायची नाही. समोरचा लाल रंग ऊन लागलं की फिका पडेल, झाकून ठेवा. शिकवायला मला बोलावू नका. आनंदाला मी फोन करून सांगेन की गोदाम मोकळं करतो.

भावनाला सांग, रांगोळीवरून गाडी गेली त्याचं वाईट वाटतं. मोर फार सुरेख काढला होता.

मुलीला आशीर्वाद. आठवण ठेवा.

तुझा,
प्रफुल्ल


।। श्री ।।

वर्तकनगर, ठाणे
१७ ऑक्टोबर २०२५

मधु,

चि. लिहायला हात वळत नाही. चिरंजीव तू होशीलच, माझ्या सांगण्याची गरज नाही.

मंगळवारी अंतराचा रडत फोन आला की आतोबांनी मला गाडी देऊन टाकली, मला नको आहे, आत्या तू काहीतरी कर. प्रफुल्लने तुला पत्र लिहिल्याचं मला तेव्हा कळलं. पोरगी तुझी असून तिला ते वाचून रडू आलं. तू वाचून काय केलंस? गाडी ठेवायला जागा मोजलीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोलशेतला गेले. आनंदाला म्हटलं, ती ताडपत्री काढा, गाडीचं एक चाक उतरवा आणि जुनं-नवं दोन्ही शेजारी शेजारी पालथी घाला. मधल्या आठवड्यात मी याच विषयावर वाचत बसले होते. चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला तू कमी लेखतोस, पण तार कुठून निघते आणि कुठे जाते हे शोधण्यातच माझं आयुष्य गेलं. जुन्या चाकाच्या मागे पस्तीसचा आकडा कोरलेला आहे. तुझ्या फॉरेनच्या चाकामागे पाच. मधला फरक तीस मिलिमीटर. या आकड्याला ऑफसेट म्हणतात आणि तो तू पाहिलाच नाहीस.

समजावून सांगते, हळू वाच. चाकाचं लोखंड म्हणजे आडवा धरलेला स्टीलचा डबा समज. डब्याच्या आत एक तबकडी आहे, तिला तुझी ती चार भोकं आहेत आणि ती हबवर, म्हणजे आसाच्या टोकावर, टेकते. तबकडी डब्याच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. ती बाहेरच्या तोंडाकडे असेल तर डबा गाडीच्या पोटाखाली शिरतो. आमच्या चाकात ती मध्यापासून पस्तीस मिलिमीटर बाहेर होती, म्हणून चाक आत, बॉडीखाली, जागच्या जागी बसत होतं. तुझ्यात ती मध्यालाच चिकटलेली, म्हणून अख्खं चाक तीस मिलिमीटर बाहेर आलं. तेवढंच ते मडगार्डला घासलं. आतल्या फायबरवर घासल्याचा चकचकीत पट्टा पडला आहे, बोट फिरवून पाहा.

भोकं जुळली म्हणजे चाक बसलं, असं तू लिहितोस. छत्तीस गुण जुळलेली किती जोडपी आपल्याच नात्यात एकमेकांकडे पाठ करून झोपतात ते भावनाला विचार, तिला सगळ्यांची नावं पाठ आहेत.

घासणं एक वेळ सोड. खरा घात पुढे आहे. पुढचं चाक वळतं ते एका रेषेभोवती वळतं, दार बिजागरीभोवती फिरतं तसं. दाराला बिजागरीजवळ धक्का दे, ते हलत नाही. कडीजवळ दे, भिंतीवर जाऊन आपटतं. चाक जुन्या जागी असताना दगडाचा धक्का बिजागरीजवळ बसत होता. तू ते बाहेर काढलंस आणि तोच धक्का कडीशी नेलास. एका चाकाला उंबरा लागला की सगळा हिसका थेट हातात. तिथे पैलवान बसला असता तरी स्टिअरिंग फिरलं असतं.

हे पुस्तकी आहे म्हणशील, म्हणून मी स्वतः गाडीत बसले. माझे हात थरथरत नाहीत, हे तू मान्य करशील, तुझ्या पाठीला लहानपणापासून ठाऊक आहेत. उतरवलेलं चाक परत लावून, तुझ्या चाकांवर त्याच वेगाने त्याच उंबऱ्यावर नेली. उजवं मनगट अजून सुजलेलं आहे, हे पत्र मी पट्टी बांधून लिहिते आहे. मग आनंदाने माणसं लावून जुनी चाकं चढवली. त्याच उंबऱ्यावरून तीच गाडी मी एका हाताने नेली. हिसका नाही, घासणं नाही. आनंदाची सून शालू बघत होती, ती म्हणाली की काकू, ही तर भाताच्या पेजेसारखी वळली.

इथपर्यंत तू अडाणी ठरतोस. अडाणीपणावर मी इतकं लिहिलं नसतं. पुढचं आनंदाने सांगितलं. नवमीच्या संध्याकाळी, तू चाकं चढवल्यावर, त्याने सहज स्टिअरिंग फिरवून पाहिलं आणि तुला म्हणाला की मधुशेठ, हिची मान आखडली, साहेबांना झेपायची नाय, जुनी चाकं घाला. तू स्वतः बसून पाहिलंस. आवारात एक फेरी मारलीस. उतरल्यावर मनगट चोळत होतास, हेही त्याने पाहिलं. आणि तू पूजेचं कारण सांगितलंस. पाना उचलला तर देवी कोपेल, पण त्याच पाटावरची, त्याच हळदकुंकवाची कोयती उचलून तू शहाळं सोलून प्यायलास, तेव्हा देवी बहुतेक पलीकडे बघत होती.

म्हणजे तुला माहीत होतं. बुधवारी संध्याकाळी माहीत होतं, गुरुवारी सकाळी माहीत होतं, आणि गाडी खांबाला टेकली तेव्हा तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. तू विम्याच्या कंपनीत सर्व्हेयर होतास. जन्मभर दुसऱ्यांच्या अपघातात चूक ड्रायव्हरची की गाडीची, याचा निवाडा देत फिरलास. आणि घरच्या अपघातात, लोकांसमोर, एका क्षणात, चूक आजारी माणसाच्या हातांवर टाकलीस. कारण तसं टाकलं की तुझी चाकं सुटत होती. त्यानेही ती उचलून घेतली, कारण आजारी माणूस असा दोष घ्यायला टपलेलाच असतो.

हात थरथरतात, हे मला दिसत नाही असं तू लिहिलंस. बशीतला सांडलेला चहा कोण पुसतं? रात्री पांघरूण ओढताना त्याची बोटं अडतात, ती कोण सोडवतं? मला सगळं दिसतं. हात जाणार आहेत, कधीतरी जाणारच आहेत. पण ते गेले तेव्हा गेले म्हणावं. त्याच्या आधी तू ते काढून घेतलेस.

आता सगळ्यांत कठीण भाग. मी घरी आले आणि प्रफुल्लला सगळं सांगितलं. डबा, तबकडी, दार, बिजागरी, कागदावर चित्र काढून. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाला की सुहास, तू एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं लोकांना सांगत होतीस की लाइन संध्याकाळपर्यंत चालू होईल, तेव्हाही तुझा आवाज असाच असायचा. मी मनगट दाखवलं, तर म्हणाला की माझ्यासाठी मुद्दाम लागून घेतलंस, हे मी ओळखतो. आनंदाने फोन केला तर याला वाटलं आम्ही दोघांनी मिळून बेत केला. गाडी जुन्या चाकांवर तयार उभी आहे आणि हा माणूस तिच्याजवळ जायला तयार नाही. आज सकाळी पेपर वाचायचा सोडला. पानं उलटता येत नाहीत म्हणाला. मी समोर बसून पाहत होते. त्याने उलटायचा प्रयत्न केलाच नाही.

माझ्यावर तो विश्वास ठेवणार नाही, कारण माझं त्याच्यावर प्रेम आहे. तुझ्यावर ठेवेल. तुझ्या तोंडून त्याने एक खोटं ऐकलं आणि खरं मानलं, तसं खरंही तुझ्याकडूनच घेईल. आणि तोंडी नको. समोर आलास तर तू तीन वाक्यांत चिरोट्यांवर घसरशील, आणि तो तुला वाईट वाटू नये म्हणून मान हलवत बसेल. तुझ्या अक्षरात हवं. चाकं बदलल्याचं लिही. दोन्ही आकडे लिही. बुधवारी तू स्वतः चालवलीस तेव्हा तुझ्या हातांना काय झालं ते लिही. हे माहीत असूनही किल्ली का काढून घेतलीस ते लिही, आणि तिथे शब्द सुचला नाही तर लाज हा शब्द चालेल. माफी माग असं मी म्हणत नाही, ती तुझी तू पाहून घे. खरं तेवढं लिही.

पाडव्याला, बुधवार, २२ ऑक्टोबरला, सायंकाळी पाचच्या आत ते पत्र या घरी पोचलं पाहिजे. पोस्टावर सोडू नकोस, सुट्ट्या आहेत, अंतराबरोबर पाठव. ते आलं नाही तर गुरुवारी भाऊबीजेला ठाण्याला येऊ नकोस. पाट मांडलेला नसेल, आणि मी दार उघडून तसं सांगायलाही येणार नाही.

लोभ आहेच. तो परत घेता आला असता तर सुजलेल्या हाताने एवढं लिहिलं नसतं.

तुझी ताई,
सुहासिनी

ता. क. पाकिटावर नाव त्याचं घाल. मी ते फोडून देणार नाही. पाकीट त्याचं त्याने फोडायचं आहे, कितीही वेळ लागू दे.